टिक-टिक येते पण सेल्फ फिरत नाही? सेल्फ बदलायला हो म्हणण्याआधी अर्थिंग बघा

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. माहीमला असलेली बाबांची पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, जुलैत पार्किंगमध्ये अर्ध्या टायरपर्यंत आलेलं पाणी, आठ महिन्यांपूर्वीच टाकलेली नवी बॅटरी. चावी फिरवली की दिवे लख्ख, बॉनेटखालून नुसती टिक-टिक, आणि चौथ्या-पाचव्या वेळी गाडी चालू. सर्व्हिस सेंटर म्हणतंय सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) गेला, बदला. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की हल्ली क्लचपण जड लागतो. मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

२०१६ मध्ये मी वर्सोव्याला राहायचो, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. गाडी उघड्यावर उभी असायची. अगदी हीच टिक-टिक सुरू झाली. मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, नाव घेत नाही. त्यांनी इंजिन बंद असताना बॅटरीला मीटर लावलं, १२.५ व्होल्ट आले, म्हणाले बॅटरी ठीक, सेल्फ खराब. मी हो म्हटलं. नवीन सेल्फ बसला, जुना त्यांनी एक्सचेंजमध्ये ठेवून घेतला, बिल नऊ हजारांच्या वर. पंधरा दिवस गाडी बरी चालली (आज वाटतं, काम करताना नटबोल्ट हलले म्हणूनच), मग पुन्हा टिक-टिक. दरम्यान क्लच इतका जड झाला की पाय दुखायचा. त्यासाठी वेगळं जॉबकार्ड केलं, केबल बदलली. जुन्या केबलचं आतलं प्लास्टिक वितळलेलं मला दाखवलंसुद्धा. "क्लचवर पाय ठेवून चालवता का?" हा प्रश्न मलाच विचारला आणि मी मान खाली घातली.

माझी सगळ्यात महागडी चूक हीच. दोन तक्रारी मी दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या कागदांवर दिल्या. एकाच माणसाने दोन्ही एकत्र ऐकल्या असत्या तर कदाचित त्याला उमगलं असतं. पुन्हा टिक-टिक आल्यावर मी तिथे तीन खेपा घातल्या. प्रत्येक वेळी नवा सल्लागार, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि प्रत्येक वेळी गाडी त्यांच्यासमोर एका सेल्फमध्ये चालू. "आमच्याकडे प्रॉब्लेम दिसत नाही" एवढंच लिहून सही घ्यायचे. तिसऱ्या वेळी थेट ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी गाडी घेऊन बाहेर पडलो. आजही ते आठवलं की राग येतो. केबल वितळते कशाने, हा प्रश्न त्या पूर्ण वर्कशॉपमध्ये एकालाही पडू नये?

ओशिवऱ्यातल्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियनने दहा मिनिटांत शोधलं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या लोखंडी हुकापर्यंत एक जाड जंपर केबल लावली आणि म्हणाला, मारा सेल्फ. पहिल्याच फटक्यात चालू. केबल काढली, पुन्हा टिक-टिक. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी, विणलेली तांब्याची पट्टी बोल्टखाली हिरवी पडून जवळपास तुटली होती.

हे नीट समजून घ्या, म्हणजे कोणी तुम्हाला फिरवू शकणार नाही. सेल्फला फिरताना शंभर-दीडशे अँपिअर करंट लागतो, आणि तो इंजिनच्या अंगातून बॅटरीला परत जायला हवा. माझ्या गाडीत परतीची वाट म्हणजे ती पट्टी, मग बॉडी, मग बॅटरीचा निगेटिव्ह. तिथे ०.०२ ओहम इतका किरकोळ रोध आला तरी दीडशे अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. हेडलाइटची अर्थिंग बॉडीला असते, तिचा करंट या पट्टीवरून जातच नाही, म्हणून दिवे लख्ख आणि सेल्फ मेलेला. आणि पट्टी तुटत आली की करंट इंजिन आणि बॉडीला जोडणारी दुसरी धातूची वस्तू शोधतो. माझ्या गाडीत ती वस्तू होती क्लचची केबल. तापून वितळली ती त्यामुळे. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरलाही हीच पट्टी लागते, म्हणजे चार्जिंगही अर्धवट. तुमच्या नव्या बॅटरीवर संशय घेण्याआधी हेही लक्षात ठेवा.

आता तुमच्यासाठी. मी मेकॅनिक नाही, गाडी समोर नाही, त्यामुळे हे छातीठोक निदान नाही. पुश-बटण किंवा हायब्रिड गाडी असेल तर यातलं काही स्वतः करू नका. पण चाचणी सोपी आहे. लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत साधं मल्टीमीटर मिळतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, ओढणी आणि बाह्या बेल्टपासून लांब. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंट्यावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. बाबांना सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत आकडा आला तर अर्थिंग बरी. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर दोष तिथेच. माझ्या गाडीत तो तीनच्या पुढे होता. सेल्फ मारताना खुद्द बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये दहाच्या आसपास किंवा वर व्होल्ट टिकले पाहिजेत. इंजिन बंद असतानाच्या १२.५ वरून कुणी सेल्फ बदलायला सांगितला तर माझ्या मते त्या माणसाने तपासलेलंच नाही.

दोष अर्थिंगमध्ये निघाला तर पट्टी नवीनच टाका, फार खर्चाचं काम नाही. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, घट्ट आवळायचं, वरून ग्रीस. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. दोष नाहीच निघाला आणि सेल्फ खरंच बदलावा लागला, तर जुना सेल्फ हातात मागून घ्या. मी दिला, आणि तो चांगला होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच उरलं नाही.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण तुमच्या पोस्टखाली दोघांनी विचारलंय. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, हा आजार निराळा. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. मुंबईत लोक महिनोन्‌महिने पेट्रोल रिझर्व्हवर ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून गार राहतो, कोरडा पडला की जळतो. पाव टाकी पेट्रोल ठेवाच.

आणि पाण्याबद्दल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. पाणी अर्ध्या टायरच्या वर गेलं असेल तर आधी एअर फिल्टर उघडा. ओला असेल तर एकदाही सेल्फ मारू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विमा पॉलिसीत इंजिनचं हे नुकसान सहसा धरत नाहीत. तुमची गाडी त्यानंतर चाललीय, म्हणजे ती भीती नाही. पण ती पट्टी खाली गिअरबॉक्सपाशी असते, पाणी तिथपर्यंत उडालं असणार.

सर्व्हिस सेंटरला सोमवारपर्यंत काहीही कळवू नका. रविवारी वरचे दोन आकडे घ्या, सोबत इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट येतात तेही बघा (१३.८ ते १४.५ हवेत), आणि तिन्ही इथे लिहा. क्लचची केबल सेल्फ मारल्यावर हाताला कोमट लागते का, तेवढंही बघा. मी रात्री नऊनंतर इथे असतो.