चिठ्ठी कापली अन् उंदीर मुका झाला

प्रश्न : सर, पोराच्या पुस्तकात लांडग्याचं शास्त्रीय नाव वाचलं, कॅनिस लुपस पॅलिपेस. आमचे आजे-पणजे मेंढरं राखत आले. लांडगा आमच्याइतका जवळून कुणी बघितलाय? मग नाव ठेवायला साहेब कुठून आला? अन् ‘लांडगा’ हेच नाव का नाही चाललं?
– एक वाचक, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : राग रास्त आहे. तरी त्या साहेबाच्या बाजूनं दोन शब्द सांगतो. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारच्या लष्करातला अधिकारी, दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलेला. त्या फिरतीत त्यानं जनावरं-पाखरंही जमवली आणि १८३१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. लांडग्याला त्यानं ‘पॅलिपेस’ म्हटलं, म्हणजे फिकट पायांचा. आणि सोबतच लिहून ठेवलं की मराठे याला लांडगा म्हणतात. त्याचं काम मुंबई इलाख्यातल्या दख्खनपुरतं होतं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं. तेव्हा पाटोद्याच्या मेंढक्यांना त्यानं विचारलं नसावं, एवढी तुमची तक्रार मी मान्य करतो.

मराठी नाव चालवून बघितलंच नाही असं मात्र नाही. आपलं खोकड, त्याचं त्यानं सरळ ‘कॅनिस कोकरी’ असं लॅटिन करून टाकलं! पण शॉ नावाच्या इंग्रजानं १८०० सालीच त्या जनावराला ‘बेंगालेन्सिस’ म्हणून छापलं होतं. झालं, कोकरी बाद. हा कारभार खरेदीखतासारखा आहे बघा. आधी नोंदलेलं खरं. नंतरचं कितीही गोड असो, रद्द. ही नोंद १७५८ पासून धरतात, कारण ही शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या साली आली.

कोळसुन्याचंही, म्हणजे रानकुत्र्याचंही, तेच झालं. साईक्सनं ‘दुखुनेन्सिस’ म्हटलं, दख्खनचा. पण पलास नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८११ मध्ये सायबेरियाकडच्या कोळसुन्याला ‘अल्पिनस’ म्हणून आधीच नोंदवलं होतं. म्हणून आपल्या उन्हातल्या कोळसुन्यालाही बर्फाळ डोंगराचं नाव लागलं. ‘दुखुनेन्सिस’ उपजातीपुरतं उरलं. शेकरूला साईक्सनं मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनचं नाव दिलं, तेही १७७७ च्या ‘इंडिका’खाली उपजात म्हणून गेलं. चिंकारा मात्र कुणी आधी नोंदवला नव्हता, म्हणून ‘बेनेटी’ आजही चालतं. बेनेट हा त्या सोसायटीचा सेक्रेटरी. चिंकारा तुमच्या नायगावच्या माळावर, नाव लंडनच्या सेक्रेटरीचं! मला स्वतःला ‘कोकरी’ गेल्याचं जास्त वाईट वाटतं.

आता यातली खरी गोष्ट. नवं नाव द्यायचं तर ते एका ठरावीक नमुन्याला बांधतात. त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयाच्या खणात असतो : कातडं, कवटी, पायाला चिठ्ठी. पुढं वाद झाला की वर्णन बाजूला राहतं, खण उघडतात. लिनियसच्या काळी हा दंडक नव्हता, आणि त्याची गंमत हत्तीत झाली. त्यानं आशियाई हत्तीचं नाव दिलं त्यात दारूत बुडवलेलं हत्तीचं एक गर्भातलं पिल्लूही धरलं होतं. अडीचशे वर्षांनी त्याच्या पेशी तपासल्या तर ते निघालं आफ्रिकेचं! २०१३ साली संशोधकांनी नावाचा खुंटा उपटून फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातल्या एका सांगाड्याला ठोकला. तो हान्स्केन नावाच्या हत्तिणीचा. सिलोनहून युरोपात नेलेली, गावोगाव खेळ दाखवत फिरवलेली, १६५५ मध्ये फ्लॉरेन्सलाच मेली. आज जगातल्या सगळ्या आशियाई हत्तींच्या नावाची ती धनीण आहे.

प्रश्न : चिचुंद्री उंदरातच येते ना? आमच्या वर्गात पैज लागली आहे.
– इयत्ता नववी, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : ‘येते’ म्हणणारा हरला. मांजर चिचुंद्रीला मारतं पण खात नाही, वासामुळं. त्यामुळं आमच्या दारात महिन्याकाठी एखादी पडलेली असतेच. परवाचीच मी कागदावर घेतली आणि काडीनं ओठ वर केला. घरातल्या उंदराला पुढं पिवळट पटाशी असते, मग मोकळी जागा, मग दाढा. सगळे मिळून सोळा दात. चिचुंद्रीचे तीस. टोकदार, पांढरे, एकाला एक लागून, मध्ये जागाच नाही. कुरतडायचं नव्हे, किडे फोडायचं तोंड ते. घोटाळ्याला तिचं नावही कारण आहे : लिनियसनं १७६६ मध्ये जावा बेटावरच्या चिचुंद्रीला ‘म्युरिनस’ म्हटलं, म्हणजे उंदरासारखी. सारखी म्हटलं, उंदीर नाही. आणि पोरांनो, मेलेल्या जनावराला हातमोज्याशिवाय शिवायचं नाही.

प्रश्न : सोयाबीनच्या रानात सापडलेल्या उंदराचा फोटो पाठवत आहे. जात सांगा.
– शेतकरी, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : फोटोत पाठ दिसते. पाठीवरून उंदराची जात सांगणारा भोंदू समजा, मीसुद्धा.

अंग मऊ रेशमासारखं होतं का? असेल तर काळ्या रानाच्या भेगांत राहणारा ‘मिलार्डिया मेल्टाडा’ असू शकेल. मेल्टाडा हा शब्द वडारांच्या तोंडचा ‘मेट्टाड’. लंडनला पोचेपर्यंत असा झाला. बोटाला केस टोचत होते का? मग ती ‘मुस प्लॅटिथ्रिक्स’, चपट्या काटेरी केसांची उंदरी, १८३२ मध्ये साईक्सच्याच दख्खनच्या नमुन्यांवरून वर्णिलेली. मागच्या पायाचा तळवा बघितला का? घरच्या उंदराच्या तळव्याला सहा गाद्या असतात, मेल्टाडाला बहुधा चार. सिंहगडावर मेल्टाडाचाच एक भाऊ आहे, ‘कोंडाना’. तो वेगळा आहे हे १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी दाखवलं. किल्ला लोकांच्या पायाखालचा, तरी उंदराला नाव मिळायला इतकी वर्षं लागली.

फोटोइतकीच नोंदही लागते. १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सस्तन प्राण्यांची पाहणी काढली ती खानदेशापासून, मग वऱ्हाड. प्रत्येक कातड्याला चिठ्ठी : गाव, तारीख, नर की मादी, धड, शेपूट, मागचा पाय, कान यांची मापं. चिठ्ठीवरचा नोंदीचा आकडाच कवटीलाही.

हे मी एवढं घोकतो त्याला कारण आहे. मी शिकवायचो त्या कॉलेजात (नाव राहू द्या) उंदरा-घुशींची बेचाळीस कातडी होती. काही तर बहात्तरच्या दुष्काळात बांधावर धरलेल्या उंदरांची. तपासणी समिती यायची म्हणून कपाटं रंगवली आणि पायांच्या मळक्या चिठ्ठ्या कात्रीनं कापून केरात टाकल्या. जागेवर लॅमिनेशन केलेली नवी कार्डं : उंदीर, उंदीर, उंदीर. मी रजेवरून आलो तेव्हा केराची गाडी जाऊन दोन दिवस झाले होते. कातडी अजून शाबूत आहेत; पण कुठल्या गावची, कुठल्या सालची, कुणी सांगू शकत नाही. समितीनं शेरा दिला, ‘संग्रह नीटनेटका.’

तेव्हा पुढचा उंदीर पिंजऱ्यात सापडला की फोटो तिन्हीकडून काढा : पाठ, पोट, आणि मागच्या पायाचा तळवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. गाव, गट नंबर, तारीख, पीक कागदावर लिहून तो कागदही फोटोत येऊ द्या. खोकड, ससा, हरीण मेलेलं दिसलं तर हात लावू नका, वनखात्याला फोन करा. त्याची कवटी घरी ठेवणं गुन्हा आहे. तळव्याचा फोटो आला की गाद्या मोजून पुढच्या अंकात कळवतो.