नकाशे बघून जंगल वाचतं का?

प्रश्न: माझं बीएस्सी झालंय, जंगलासाठी काम करायचंय. पण कॉम्प्युटरवर नकाशे बघत बसायचं, यात करिअर होतं का?

उत्तर: होतं की! लँडसॅट या उपग्रहांचे फोटो १९७२ पासूनचे आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात, त्यामुळे जंगल कधी, कुठून तुटत गेलं, उरलेल्या दोन तुकड्यांमधून प्राणी कुठून ये-जा करू शकतील हे बसल्याजागी काढता येतं... पण नंतरच्या फोटोंतही एक पिक्सेल (फोटोतला एक ठिपका) जमिनीवर ३० मीटरचा, त्यात निलगिरीची लागवड आणि खरं जंगल दोन्ही हिरवंच दिसतं, म्हणून जीपीएस घेऊन पायपीट करावीच लागते (हे आधी कोणी सांगत नाही!). क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच कॉम्प्युटरवर टाका, मग आर किंवा पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका. स्टॅटिस्टिक्स मात्र टाळू नका, तिथेच बरेच जण गळतात.