महागडा क्यू घ्यावा का?

स्नूकरच्या क्यूविषयी, म्हणजे चेंडू मारायच्या लांब काठीविषयी, आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून क्लबमधल्या स्टँडवरच्या क्यूंनी खेळतो. आता स्वतःचा क्यू घ्यावा असे वाटते. एक मित्र म्हणतो, हाताने घडवलेला महागडा क्यू घे, नाहीतर घेऊच नकोस. दुसरा म्हणतो, क्यू म्हणजे शेवटी काठीच, तिच्यासाठी एवढे पैसे घालवणे हा वेडेपणा आहे. जास्त पैसे मोजले तर नेमके काय मिळते?

उत्तर : तुमच्या मित्रांचा वाद किमतीवरून आहे, पण तुमच्यापुरता खरा प्रश्न त्याच्या एक पायरी आधीचा आहे. रोज हाताला लागेल त्या क्यूने खेळायचे की रोज एकाच क्यूने, हे आधी ठरवायला हवे. त्याचे उत्तर समजले की किमतीचा प्रश्न निम्मा सुटतो.

पांढऱ्या चेंडूला मधोमध न मारता डाव्या किंवा उजव्या बाजूला मारले, म्हणजे साईड दिली, की तो क्यूच्या रेषेत जात नाही. उजवी साईड दिली तर तो किंचित डावीकडे सरकून निघतो आणि डावी दिली तर उजवीकडे. टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चामड्याची गोल चकती, आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरताच टिकतो, परंतु तेवढ्या वेळात फिरू लागलेला चेंडू टिपेला बाजूला रेटतो, आणि टिपेमागचे पितळी कडे (फेरूल) व लाकूड जितके जड असेल, तितका उलटा रेटा चेंडूलाही बसतो. त्यामुळे जाड, जड टोकाचा क्यू चेंडूला जास्त सरकवतो आणि बारीक, हलक्या टोकाचा कमी. हा फरक एका अंशाचा असला, तरी दोन मीटर पुढे जाईपर्यंत चेंडू सुमारे साडेतीन सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो, आणि स्नूकरचा चेंडूच मुळी 52.5 मिलिमीटर व्यासाचा असतो. सराव करता करता खेळाडू नकळत नेम थोडा बदलून ही तूट भरून काढायला शिकतो, पण ते शिकणे त्या एका क्यूपुरते असते. स्टँडवरचा क्यू रोज बदलतो, म्हणजे रोज तुमचे कालचे शिकणे पुसले जाते. म्हणून तीन वर्षे असे खेळल्यावर स्वतःचा एक सरळ, बेताच्या किमतीचा क्यू घेतला, तर खेळात जेवढा फरक पडेल, तेवढा त्यानंतर कितीही महाग क्यू घेऊन पडणार नाही.

आता किमतीविषयी. स्नूकरच्या क्यूचा दांडा बहुधा ॲश या झाडाच्या आणि काही वेळा मेपलच्या लाकडाचा असतो, तर मुठीकडच्या भागासाठी आबनूस, शिसव यांसारखे जड व गडद लाकूड वापरतात. चांगल्या दांड्यासाठी टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषांचे लाकूड लागते आणि असे लाकूड फळ्यांच्या मोठ्या ढिगातून थोडेच निघते. ते नीट वाळू द्यावे लागते, थोडे तासून काही काळ तसेच ठेवावे लागते, मग पुन्हा तासावे लागते. ज्या लाकडाला वाकायचे आहे, ते कारागिराच्या कोठारातच वाकून बाद व्हावे, हा त्यामागचा हेतू असतो. अगदी स्वस्त क्यूमध्ये नेमका हा वेळ वाचवलेला असतो, आणि मग बाद होण्याचे काम तुमच्या घरी पार पडते. माझ्या मते चांगल्या क्यूसाठी मोजलेल्या पैशांतला सर्वांत सार्थकी लागणारा भाग हाच आहे, आणि दुकानात क्यू हातात घेतल्यावर तो अजिबात दिसत नाही.

दिसते ते मुठीचे काम. हाताने जोडलेल्या मुठीत दांड्याच्या खालच्या भागाला चारही बाजूंनी उतार देऊन त्यावर आबनुसाच्या पट्ट्या एकेक करून चिकटवतात आणि नंतर रंध्याने गोलाई आणतात, त्यामुळे वरच्या बाजूला गोलसर टोकांच्या सुंदर कमानी उमटतात. यंत्राने जोडलेल्या मुठीत दोन्ही लाकडांना करवतीच्या दातांसारख्या खाचा पाडून ती एकमेकांत बसवतात, म्हणून तेथील टोके अणकुचीदार आणि अगदी एकसारखी दिसतात. हाताच्या जोडकामाला लागणारे कसब मोठे आहे आणि त्याचा मोबदला कारागिराला मिळालाच पाहिजे, पण नीट चिकटवलेला यंत्राचा जोडही वर्षानुवर्षे टिकतो आणि चेंडूला यातला फरक कळत नाही. रंगीत पातळ पट्ट्यांचे थर, शिंपल्याचे जडावकाम, नावाची चकती यांचेही तसेच. दुर्मीळ लाकडाची किंमत तर खेळाशी संबंध नसलेल्या कारणांनी वाढते. मादागास्करच्या आबनुसाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2013 पासून आणि शिसवीच्या सगळ्या डालबर्जिया वंशाचा 2017 पासून वन्यजीव व्यापाराच्या सायटिस या कराराखाली नियंत्रित झाला आहे, त्यामुळे परवान्यांचा आणि टंचाईचा भार शेवटी ग्राहकावरच पडतो.

तुमच्या दुसऱ्या मित्राच्या बाजूने एक प्रसिद्ध दाखला देता येतो. स्टीफन हेन्ड्री यांनी 1990 ते 1999 या काळात सात वेळा जागतिक अजिंक्यपद जिंकले, आणि तेही लहानपणापासून वापरात असलेल्या सुमारे 40 पौंडांच्या साध्या क्यूने. 2003 मध्ये विमानप्रवासात तो क्यू मोडला आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेला. क्यूशी जडलेल्या नात्याची गोष्ट म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये हेन्ड्री यांनी नव्या क्यूने ब्रिटिश ओपन जिंकली, हे सांगायचे बहुतेकांच्या राहून जाते. हा दाखला काठीवाल्या मित्राला पूर्णपणे उपयोगी पडत नाही, कारण हेन्ड्री यांचा क्यू स्वस्त होता, पण वाईट नव्हता.

तेव्हा सर्वांत खालच्या किमतीचा क्यू टाळा. सरळ रेषांचा ॲश, नीट जोडलेली मूठ आणि पेलणारे वजन एवढे मिळेपर्यंत खर्च वाढवा आणि तेथे थांबा. वजन बहुधा 17 ते 19 औंस, म्हणजे साधारण 480 ते 540 ग्रॅम असते. त्यापुढे दोनच गोष्टी विकत मिळतात. एक सौंदर्य, ज्याची हौस असण्यात गैर काही नाही, आणि दुसरी आपल्या मापाने क्यू घडवून घेण्याची सोय. दुसरी फार मोलाची आहे, परंतु आपले माप आपल्याला ठाऊक असेल तरच. तीन वर्षे परक्या क्यूंनी खेळलेल्या माणसाला, आपल्याला 9.5 मिलिमीटरची टिप मानवते की 10 मिलिमीटरची, वजन मुठीकडे हवे की पुढे, हे सांगता येणे अवघड आहे. एक-दोन वर्षे साध्या क्यूने खेळा, मग कारागिराकडे जाल तेव्हा त्याला सांगण्यासारखे तुमच्याकडे काहीतरी असेल.

प्रश्न : दुकानदाराने ॲशच्या दांड्यावरचे बाण मोजून दाखवले आणि जास्त बाणांचा क्यू अधिक दर्जेदार म्हणून जास्त किंमत सांगितली. यात तथ्य आहे का? शिवाय टेबलावर लोळवून क्यूचा सरळपणा तपासणे पुरेसे आहे का?

उत्तर : हे बाण म्हणजे झाडाच्या वार्षिक वलयांचे छेद होत. दांडा टोकाकडे निमुळता होत जातो, तशी वलये एकामागून एक पृष्ठभागावर येऊन संपतात आणि बाणाच्या आकाराच्या खुणा दिसतात. त्या दांड्याच्या मधोमध ओळीने आल्या असतील, तर लाकडाच्या रेषा सरळ धावत आहेत असे समजावे, आणि ही पारख करण्यासारखी आहे. प्रत्येक फटक्याला क्यू त्याच बाजूने धरण्यासाठीही बाणांचा उपयोग होतो. मात्र किती बाण आहेत, यावरून किंमत ठरवणे म्हणजे आंब्याची गोडी सालीवरच्या ठिपक्यांवरून ठरवण्यासारखे आहे. मेपलच्या दांड्यावर असे ठळक बाण दिसत नाहीत, आणि नजर विचलित होत नाही म्हणून काही जण मुद्दाम तोच निवडतात.

लोळवण्याची चाचणी फसवी आहे. हाताने रंधलेला क्यू अगदी गोल नसतो, आणि मुठीच्या शेवटी चकती बसवण्यासाठी एक बाजू बहुधा सपाट केलेली असते, त्यामुळे उत्तम क्यूही लोळताना अडखळतो. मुठीचे टोक डोळ्याशी धरून बंदुकीचा नेम धरावा तसे दांड्यावरून टोकापर्यंत पाहावे आणि क्यू हळूहळू फिरवत सर्व बाजूंनी तसेच पाहावे. पुढच्या भागातला बाक खेळाला बाधतो, मुठीकडचा किंचित बाक एवढा त्रास देत नाही.

प्रश्न : अखंड, मधोमध जोडाचा आणि तीन-चतुर्थांश जोडाचा, यांपैकी कोणत्या क्यूवर जास्त पैसे घालावेत?

उत्तर : अखंड क्यू हाताला सर्वांत एकसंध लागतो, परंतु सुमारे 57 ते 58 इंच लांबीची पेटी घेऊन प्रवास करण्याचा कंटाळा फार लवकर येतो. मधोमध जोडाचा क्यू दोन भागांत उघडतो, म्हणून तो नेण्यास सर्वांत सोपा असतो. तीन-चतुर्थांश जोड मुठीच्या भागात येत असल्यामुळे दांडा अखंड राहतो, आणि म्हणून हा मधला मार्ग खेळाडूंना विशेष प्रिय आहे. हाताने केलेला जोड घट्ट आणि सरळ बसला असेल, तर कोणत्या ठिकाणी जोड आहे यासाठी फार जादा पैसे मोजू नयेत. जोड आवळल्यावर दोन्ही भागांमध्ये फट दिसते का आणि फटका मारताना करकर ऐकू येते का, हे मात्र विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि खेळात रमला आहे. त्याला आताच चांगला महागडा क्यू घेऊन द्यावा का?

उत्तर : आता नको. त्याची उंची आणि हात वाढणार आहेत आणि दोन-तीन वर्षांत तोच क्यू त्याला आखूड पडेल. नियमानुसार क्यू किमान 914 मिलिमीटर लांब असावा लागतो, त्यामुळे मुलांसाठीचे बेताच्या किमतीचे आखूड क्यूही नियमात बसतात. मुठीमागे जोडनळी बसवण्याची सोय असलेला क्यू मिळाल्यास लांबी थोडी वाढवून तो आणखी काही काळ चालवता येईल.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी मी हाताने घडवलेला क्यू घेतला. तेव्हापासून माझे पॉट, म्हणजे चेंडू टेबलाच्या खिशात घालण्याचे फटके, पूर्वीपेक्षा जास्त चुकत आहेत. क्यू सदोष असेल का, की पैसे वाया गेले?

उत्तर : क्यू सदोष असण्याची शक्यता कमी आहे. पहिला संशय टिपेवर घ्यावा. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावण्याचे श्रेय फ्रान्समधील फ्रान्स्वा मँगो यांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या सुधारणेमुळेच चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली, आणि आजही क्यूच्या किमतीच्या मानाने नगण्य असलेला हा भागच चेंडूला स्पर्श करतो. नव्या क्यूवर येणारी टिप पुष्कळदा फार कडक किंवा नीट गोलाई न दिलेली असते. तुमच्या जुन्या क्यूवर ज्या प्रकारची टिप होती, तशीच या क्यूवर बसवून घ्या आणि तिला तशीच गोलाई द्या.

त्यानंतर दोन्ही क्यूंची वजने आणि तोलबिंदू पडताळून पाहा. एका बोटावर क्यू आडवा तोलून धरला की तोलबिंदू सापडतो आणि तो मुठीच्या टोकापासून बहुधा 16 ते 18 इंचांवर येतो. नव्या क्यूचा तोल दोन इंच पुढे असेल, तर हाताला तो जड वाटणारच. हे सर्व जुळत असेल आणि तरीही विशेषतः साईड दिलेले फटके चुकत असतील, तर पहिल्या उत्तरात सांगितलेला सरकण्याचा फरक कारण असणार. त्यासाठी आणखी दोन-तीन महिने फक्त याच क्यूने खेळा. अवघड फ्रेमच्या (डावाच्या) वेळी हळूच जुना क्यू काढण्याचा मोह सर्वांनाच होतो, मलाही झाला होता, आणि त्यामुळे मी दोन्हींपैकी एकाही क्यूचा धड राहिलो नव्हतो. दरम्यान क्यू भिंतीला टेकवून ठेवू नका, उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, आणि टिप, वजन किंवा लांबी यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

एवढे करूनही जमले नाही, तर क्यू विकून टाका. चांगल्या लाकडाच्या सरळ क्यूला घेणारा मिळतो, फक्त त्याआधी त्यावर आपले नाव कोरून घेऊ नका.