विहिरीतले शंख

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यात विहीर खोदताना दोन काळ्या खडकांमधल्या पांढुरक्या थरात दगड झालेले शंख निघाले. आबाजी म्हणतात, "पयले इथं समुद्र होता." खरं का, सर?

उत्तर : आबाजींचा मान राखून सांगतो, हे तळ्यातले असावेत. टोक वर, तोंड आपल्याकडे असा शंख धरा. तोंड डावीकडे आलं तर बहुधा 'फायसा', गोड्या पाण्यातली गोगलगाय. समुद्री शंख बहुतेक उजवे. (पूजेतला दुर्मीळ 'दक्षिणावर्ती' या मापाने डावाच, गंमतच आहे.) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात (थिजलेला लाव्हा म्हणजेच तुमचे काळे खडक) इथं तळी साचली, मग पुढच्या लाव्हाने ती झाकली. नागपूरकडचे असे शंख मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्येच वर्णिले.

समुद्राचा पुरावा हवा तर आंध्रातल्या राजमहेंद्रीला जा. तिथं लाव्हाच्या खालच्या थरात मळसूत्री 'टरिटेला' हे समुद्री शंख सापडतात. अनेक समुद्री गोगलगाईंची डिंभकं (अंड्यातून निघालेली इवली पिल्लं) प्रवाहाबरोबर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून एकच प्रजाती लांबलांब पसरते. तळ्यातलीला ती सोय कुठली?

मलबा बांधावर फेकण्याआधी दोन-चार ढेकळं ठेवा, आणि किती हात खोलीवर सापडली तेही लिहून ठेवा.