सिगारेट चालू, वर अँटिऑक्सिडंटची गोळी

“ह्यांची सिगारेट काही सुटायची नाही, पण या गोळ्यांनी फुफ्फुसं तरी वाचतील ना?” समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या वहिनी तर डबीच घेऊन आल्या होत्या. यजमान ५४ वर्षांचे, रोज १० सिगारेटी, सकाळी उठल्यावर कफ.

डबीवर बीटा-कॅरोटिन (गाजरातलं नारिंगी रंगद्रव्य, एक अँटिऑक्सिडंट) २० मिलिग्रॅम लिहिलेलं होतं. ती लगेच बंद करायला सांगितली. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवर याच डोसची चाचणी झाली होती. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग सुमारे १८ टक्के जास्त आढळला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

“म्हणजे गाजरंही बंद?” नाही, गाजरं खुशाल खा. धोका सिगारेट चालू असताना गोळीतून मोठा डोस घेण्यात आहे.

फुफ्फुसाच्या आतल्या ओलाव्यात ग्लुटाथिओन हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट असतं, रक्तद्रवापेक्षा शंभरपटीहून जास्त. धुरातल्या मुक्त मूलकांना (पेशींची नासधूस करणाऱ्या अस्थिर कणांना) तेच निकामी करतं आणि त्यात खर्च होतं. उरलेली मूलकं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन बिघडवतात. मग पांढऱ्या पेशींतल्या इलास्टेज या प्रथिनं तोडणाऱ्या विकराला आवर घालणारं कोणी उरत नाही आणि ते वायुकोशांच्या लवचीक भिंती कुरतडतं. फाटलेली भिंत कुठल्याही गोळीनं सांधली जात नाही. सिगारेट ओढणाऱ्याला ‘क’ जीवनसत्त्व रोज ३५ मिलिग्रॅम जास्त लागतं हे खरं, पण ते एका पेरूत सहज मिळतं. मोरावळ्यापेक्षा कच्चा आवळा बरा. शिजवताना ‘क’ जीवनसत्त्व घटतं, शिवाय साखर.

खरी अडचण सकाळी पोह्याच्या ठेल्यावर होती. पोहे, जिलबी, चहा, की लगेच सिगारेट. दिवसातली पहिली सिगारेट उठल्यावर अर्ध्या तासानंतरची, म्हणून निकोटिन गम २ मिलिग्रॅमचा दिला. पहिल्या आठवड्यात “काही उपयोग नाही, नुसत्या उचक्या” अशी तक्रार आली. ते चहाचे घोट घेत गम भराभर चावत होते. चहा-कॉफीनं तोंडातलं निकोटिन नीट शोषलं जात नाही, आणि भराभर चावलं की ते पोटात जाऊन उचक्या, जळजळ होते. चहानंतर १५ मिनिटं थांबायचं, झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं, असा अर्धा तास. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक गम. मध्येच तलफ अनावर झाली तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे.

कफ पातळ करणारं एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन वहिनींनी कुठंतरी वाचलं होतं. ते छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची श्वासाची चाचणी) पाहून ठरवायचं. कफात रक्त दिसलं, तर तपासणी त्याच दिवशी.