मुलीचं अरंगेत्रम पुढच्याच वर्षी करावं का?

तुमचा प्रश्न वाचला. तुमची मुलगी बारा वर्षांची, सहा वर्षं भरतनाट्यम शिकतेय. बदलीमुळे तुम्ही नागपूरहून बडोद्याला आलात, आणि क्लासमध्ये आता पुढच्या मे महिन्यात अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला एकटीचा कार्यक्रम, करून टाका म्हणतायत. खर्चाचा आकडा ऐकून घरचे बिचकलेत, सासूबाई म्हणतात हा मद्राशी नाच आपल्यात कोण करतं, आणि मुलगी म्हणते, 'तुम्ही म्हणाल तसं.'

माझ्या दोन्ही मुलींची अरंगेत्रमं बडोद्यातच झाली, सात वर्षांच्या अंतराने. पहिल्या वेळी मी जे केलं ते तुमच्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते. माझं उत्तर आधीच सांगते: पुढच्या वर्षी नको. खर्चाचं नंतर बघू, पण ते 'तुम्ही म्हणाल तसं' वाचून माझ्या पोटात कालवलं. माझी थोरलीही अगदी हेच म्हणाली होती.

ती तेरा वर्षांची असताना तिच्या क्लासने दिवाळीच्या सुट्टीत ओळीने पाच मुलींची अरंगेत्रमं ठरवली. हॉल, वाद्यवृंद, पत्रिका, फोटोवाला, सगळं त्यांनीच बघायचं, आपण पैसे भरायचे. मला ते सोयीचं वाटलं. दांडिया बझारातल्या आमच्या घराचं लग्नघर झालं. पुण्याचे पाहुणे, जेवणाचा बेत, तीन वेगळे ड्रेस, केंपाचे म्हणजे लाल खड्यांचे दागिने, गंगावन, गजरे. या सगळ्या याद्यांमध्ये मी एकच गोष्ट बघायची राहिले. तिचं वर्णम, म्हणजे कार्यक्रमातला सगळ्यात मोठा नाच, तयार नव्हतं.

घरच्यांना समजावताना उपयोगी पडेल म्हणून सांगते. अरंगेत्रमला मुलगी साधारण दोन तास एकटी नाचते. अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, मग पदं आणि शेवटी तिल्लाना असा क्रम असतो. यातलं वर्णम एकटंच अर्धा ते पाऊण तास चालतं. त्यात आधी जती, म्हणजे तालाच्या बोलांवर निव्वळ पायांचं काम, लगेच अभिनय, पुन्हा जती, पुन्हा अभिनय. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, त्याला अरैमंडी म्हणतात, आणि त्याच स्थितीत बराचसा नाच करायचा. छाती भात्यासारखी हलत असताना चेहऱ्यावर मात्र वाट बघणारी नायिका आणायची. तेराव्या वर्षी पाय हे काम करतीलही, पण ती नायिका कुठून कळणार? मुलगी मग बेनचा, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंचा, चेहरा पाठ करते.

कार्यक्रमात शब्दमनंतर पाहुण्यांचा सत्कार ठेवला होता. दोन भाषणं, शाली, नारळ, फोटो. वीस-पंचवीस मिनिटं ती घामाने भिजलेल्या कपड्यांत, एसीच्या झोताखाली विंगेत उभी होती. तापलेलं अंग गार पडलं, आणि वर्णमच्या तिसऱ्या जतीला तिच्या पोटरीत गोळा आला. ओठ घट्ट मिटून तिने पुरं केलं. टाळ्या कडकडून झाल्या, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी समोरच्या रांगेत होते, तिचं डावं पाऊल सपाट पडत नाहीये हे मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तिने घुंगरू जुन्या ओढणीत बांधून माळ्यावर टाकले. कितीतरी वर्षं ते खाली आले नाहीत.

त्याआधीचं नवरात्रही मीच तिच्याकडून काढून घेतलं होतं. पाय मुरगळला तर काय, म्हणून नऊ रात्री गरब्याला पाठवलं नाही. खाली ढोल वाजत होता, मैत्रिणी चणियाचोळी घालून हाका मारून गेल्या, आणि ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जती म्हणत होती. बडोद्यात वाढणाऱ्या मुलीला गरब्यापासून तोडणं हे फार वाईट आहे, हे मला आज तिच्यासमोरही कबूल करावंसं वाटतं, आणि मी केलंय. कार्यक्रम करायचाच तर नवरात्राला लागून ठेवूच नका. मुलीला नऊ रात्री मनसोक्त खेळू द्या. तिथे कुणी तिला बघायला बसलेलं नसतं, सगळेच गोलात असतात.

अरंगु म्हणजे तमिळमध्ये रंगमंच आणि एट्रम म्हणजे चढणं. पहिल्यांदा रंगमंचावर चढणं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली त्या दिवशी चढल्या त्या शेवटच्याच. अल्बम कपाटात राहिला, नाच थांबला. दहावी आली, कंटाळा आला, कारणं खूप असतील. मला मात्र वाटतं, 'आता झालं' असं आपणच त्यांना वाटायला लावतो, एवढा मोठा सोहळा करून.

आता सासूबाईंच्या मद्राशी नाचाबद्दल. माझ्या सासूबाईंचंही हेच म्हणणं होतं, आणि त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. तंजावर ही मराठ्यांची गादी. या अलारिपू ते तिल्लानाच्या क्रमाला आजचं रूप ज्या चार भावांनी दिलं, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, सरफोजी भोसल्यांच्या दरबारातले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. 1880 मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्याच पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरचे नट्टुवनार (नाच शिकवणारे, ताल देणारे गुरु), वादक आणि नर्तकी बडोद्याला आल्या. गौरा आणि कांतिमती ही त्यातली नावं. दरबारच्या कलावंत कारखान्यातून, म्हणजे कलाकारांच्या खात्यातून, त्यांना पगार मिळायचा. कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे सूरसागर तलावासमोरच्या बडोद्याच्या म्युझिक कॉलेजात मुलामुलींच्या पिढ्या शिकवल्या. ते कॉलेज म्हणजे महाराजांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली गायनशाळा. म्हणजे मद्रासेत सभागृहांतून या नाचाला मान मिळू लागला त्याच्या कितीतरी आधीपासून तो बडोद्यात होता, आणि तो आणला एका मराठी सुनेने. सासूबाईंना एकदा सूरसागरला फिरायला न्या आणि ती इमारत दाखवा. माझ्या सासूबाई ऐकून गप्प बसल्या होत्या, मग म्हणाल्या, 'सुनेने आणला होय?'

धाकटीच्या वेळी आम्ही क्लास बदलला होता. नव्या बेन गुजराती, बोलायला कडक, पण घाई अजिबात नाही. धाकटीने चौदाव्या वर्षी विचारलं तर म्हणाल्या, आधी अख्खं वर्णम सलग तीन दिवस नाचून दाखव, मग बोलू. तिला ते जमायला दोन वर्षं लागली. संध्याकाळी गच्ची निवली की ती वर जायची आणि ताल धरायला थोरलीला ओढून न्यायची. लाकडी पाटीवर काठीने ताल देता देता थोरलीचे पाय कधी हलायला लागले ते मला कळलं नाही. एका गणपतीत आरतीनंतर, घरच्या सलवार-कुर्त्यात, बारा-पंधरा माणसांसमोर ती पुष्पांजली नाचली. घुंगरू तिनेच माळ्यावरून काढले होते.

धाकटीने एका पदाऐवजी जात्यावरच्या ओव्या घेतल्या. बेनने जातं दळणं एका हाताच्या गोल फिरण्यातून बसवलं होतं, दिसायला सुंदर. सासूबाई बघत होत्या. त्या खुर्चीवरून उठल्या, जमिनीवर बसल्या, एक पाय पसरला, एक दुमडला. उजव्या हातात खुंटा, डाव्या हाताने मूठ मूठ दाण्यांची वैरण. म्हणाल्या, 'वैरण घालताना जातं थांबत नाही गं. हा हात आपला फिरत राहतो, हा घालत राहतो. आणि बघायचं पिठाकडे, लोकांकडे नाही.' धाकटीने ते बेनना करून दाखवलं आणि बेननी ते तसंच ठेवलं. कार्यक्रमात त्या ओव्यांना माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंचा डावा हात मांडीवर हलत होता.

तिचं अरंगेत्रम सतराव्या वर्षी झालं, वाडीच्या छोट्या हॉलमध्ये, घरचे आणि तिच्या वर्गातल्या मुली मिळून शंभरेक माणसांसमोर. पत्रिका छापल्या नाहीत, मोबाइलवर निरोप धाडला. ड्रेस दोन. सत्कार सगळे तिल्लानानंतर, आणि भाषण एकच, बेनचं. जेवणाऐवजी शेव-उसळ आणि आइस्क्रीम. पैसे वाचले ते सगळे आम्ही वादकांवर घातले. तुम्हीही तिथे हात आखडू नका. नट्टुवांगमला, म्हणजे झांजांवर ताल द्यायला, स्वतः बेन, एक गायिका, मृदंगम आणि व्हायोलिन, बस झालं. रेकॉर्डिंगवर सहा वर्षं नाचलेल्या मुलीला जिवंत मृदंगम पहिल्यांदा ऐकला की धडकी भरते, कारण रेकॉर्डिंग रोज एकाच लयीत येतं आणि माणूस कधी चढतो, कधी तिच्यासाठी थांबतो. थोरलीला वादकांबरोबर एकच तालीम मिळाली होती, आदल्या संध्याकाळी. धाकटीच्या चार झाल्या. चौथ्या तालमीत ती मृदंगमवाल्या काकांकडे बघून हसली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता हिची काळजी नको. आणि ड्रेस बदलायला ती आत गेली की गायिकेने एक कृती, म्हणजे एक गाणं, म्हणायची, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर तिथे पुन्हा कुणीतरी माइक हातात घेतं.

मे महिन्याबद्दल म्हणाल, तर तेव्हा बडोद्यात पारा 42-43 च्या घरात असतो. एसीच्या हॉलमधली ती दोन तासांची गोष्ट निभते, पण त्याआधीच्या एप्रिलमधल्या तालमी मुलीला पिळून काढतात. आम्ही धाकटीचं जानेवारीत, उत्तरायणाची धामधूम सरल्यावर केलं. शाळेचं म्हणाल तर दहावीच्या वर्षात अजिबात घेऊ नका, आणि दहावीच्या आधी उरकून टाकू असंही म्हणू नका. 'उरकून टाकू' म्हणून ठरवलेल्या गोष्टीत मुलीला गोडी राहत नाही.

एक पायांचं. घरची फरशी सिमेंटवर घट्ट बसवलेली असते, पाय मारला की सगळा धक्का टाचेतून गुडघ्यात जातो. टाच दुखते म्हणाली तर आळस समजू नका, क्लासमध्ये लाकडी फ्लोअर आहे का ते बघा, आणि दुखणं आठवडाभर राहिलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. थोरलीच्या वेळी मी 'सगळ्यांचंच दुखतं' म्हणाले होते.

क्लासला नकार कसा द्यायचा, असं तुम्ही शेवटी विचारलंय. भांडायची गरज नाही. बेनना दोनच गोष्टी विचारा: वर्णम अख्खं होणार की कापलेलं, आणि वादकांबरोबर तालमी किती. कापलेलं आणि एक, असं उत्तर आलं तर सांगा की आम्ही थांबतो, क्लास मात्र चालू ठेवतो. चांगली गुरु यावर रागावत नाही. आणि घरी मे महिन्याचा विषय महिनाभर बंद करा. गणपतीत, कोजागिरीला, हळदीकुंकवाला, चार माणसं जमली की तिला एखादं छोटंसं नाचू द्या, तिची इच्छा असेल तर, साध्या कपड्यांत. व्हिडिओ काढू नका. आणि ती घुंगरू स्वतः काढते की तुम्हाला सांगावं लागतं, एवढंच बघत राहा. काही लागलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन. घुंगरू आणि गंगावन नवं विकत घेऊ नका, आमच्याकडे दोन जोड पडून आहेत.