एका मिलीत किती? नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न

इंदूरमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मराठी वाचकांचे औषधं देण्याबद्दलचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : वॉर्डात इन्सुलिनच्या लाल टोपणाच्या आणि केशरी टोपणाच्या अशा दोन सिरिंज असतात. दोन्ही एक मिलीच्याच. हाताला येईल ती वापरली तर काय बिघडतं? (जीएनएम म्हणजे नर्सिंग डिप्लोमा, दुसरं वर्ष, रामबाग)

सिरिंज एक मिलीची असली तरी तिच्यावरचे आकडे मिलीचे नसतात, युनिटचे असतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर एका मिलीचे ४० भाग, केशरीवर १०० भाग. आपल्याकडे सरकारी पुरवठ्यात बहुतेक वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) ४० युनिट प्रति मिलीच्या येतात, तर इन्सुलिन पेनमधली काडतुसं आणि काही महागडी इन्सुलिनं १०० ची.

ऑर्डर २० युनिटची आहे असं धरा. ४० च्या वायलमधून लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिली भरतं आणि डोस बरोबर. तेच केशरी सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढलं तर भरतं फक्त ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट. साखर उतरत नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टर डोस वाढवतात, आणि मग कुणीतरी बरोबर सिरिंज वापरते तेव्हा साखर फार उतरून रुग्ण घामाघूम होऊन थरथरायला लागतो. उलटी चूक तर लगेच भोवते : १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढलं की अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट.

म्हणून आधी वायलवरचा आकडा वाचा, मग टोपणाचा रंग बघा. योग्य सिरिंज नसेल तर मनातल्या मनात हिशेब करून वेळ मारून नेऊ नका, स्टोअरमधून मागवा. पेनच्या काडतुसात सुई खुपसून इन्सुलिन काढायची सवय काही वॉर्डांत दिसते, ती वाईटच. एक तर ते १०० चं असतं, शिवाय आत हवा शिरते आणि पेनचा पुढचा डोस कमी पडतो.

एका सिरिंजमध्ये साधं इन्सुलिन (दिसायला स्वच्छ) आणि एनपीएच इन्सुलिन (दिसायला गढूळ) मिसळायचं असेल तर आधी स्वच्छ, मग गढूळ. गढूळ वायल तळहातांमध्ये हलकेच फिरवायची, खळखळायची नाही. ग्लार्जिन हे इन्सुलिनही स्वच्छ दिसतं, पण ते कशातच मिसळायचं नाही. आणि चार्टवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीत असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन छोटे चमचे, पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लानीतल्या रुग्णाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. डॉक्टरांना बोलवा, शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) लागेल.

प्रश्न : ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे. मिनिटाला थेंब किती? (बीएस्सी पहिलं वर्ष)

मिली गुणिले सेटचा (सलाईनच्या नळीचा) थेंब-आकडा, म्हणजे एका मिलीत पडणारे थेंब, भागिले मिनिटं. सेट २० थेंबांचा असेल तर ५०० × २० ÷ २४० = साधारण ४२. मायक्रो सेटला एका मिलीत ६० थेंब, म्हणून तिथे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब : १२५. थेंब-आकडा पाकिटावर छापलेला असतो, १५ चेही सेट मिळतात. बाटलीवर चिकटपट्टी लावून दर १२५ मिलीला वेळ लिहून ठेवा. रुग्णाने कोपर वाकवलं तरी वेग बदलतो, त्यामुळे एकदा मोजून निघून जाणं पुरेसं नाही.

प्रश्न : पोटॅशियम क्लोराईडला सिस्टर इतक्या का घाबरतात? (सुदामानगर)

घाबरायलाच हवं. १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये (सीलबंद कुपीत) दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते न मिसळता थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं. दिसायला मात्र ते डिस्टिल्ड वॉटरसारखंच, रंग ना वास. म्हणून ते ट्रॉलीत पाण्याच्या अँप्युलशेजारी ठेवायचंच नाही.

साध्या वॉर्डात, हाताच्या शिरेतून, एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ४० आणि तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंट ही मर्यादा सहसा पाळतात. म्हणजे ५०० मिलीत एक अँप्युल टाकली तर ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. त्याहून वेगाने द्यायचं तर ईसीजी मॉनिटर हवा. टांगलेल्या बाटलीत वरून इंजेक्शन मारून तसंच सोडू नका : हे द्रावण जड असल्याने तळाशी तोंडाजवळ साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत जवळपास सगळंच आत जातं. बाटली खाली उतरवा, टाका, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, लेबल लावा, मग टांगा. सुरू करण्यापूर्वी लघवी होते आहे ना, ते विचारा.

प्रश्न : रायल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) गोळ्या कुटून दिल्या तर चालतं ना?

सगळ्या नाही. नावापुढे एसआर, एक्सआर, रिटार्ड असं काही असेल, म्हणजे गोळी औषध हळूहळू सोडणारी असेल, तर कुटू नका. दिवसभराचा डोस एकदम सुटतो. बीपीची निफेडिपिन रिटार्ड कुटून दिली तर बीपी धाडकन खाली येऊ शकतं. एन्टरिक कोटेड (जठरात न विरघळणाऱ्या आवरणाच्या) गोळीचं आवरणही तोडायचं नाही. फार्मासिस्टला विचारलं की बहुतेकदा सिरप किंवा दुसरा पर्याय निघतो.

प्रश्न : मी जळगावची आहे. इथले रुग्ण हिंदी, माळवी, निमाडी बोलतात. डिस्चार्जच्या वेळी औषध समजावताना चूक होईल अशी भीती वाटते.

भीती योग्य जागी आहे. आपल्याकडे काल आणि उद्या हे वेगळे शब्द. हिंदीत दोन्हींना ‘कल’. ‘गोली कल ली थी’ आणि ‘गोली कल लेनी है’ यांतलं क्रियापद गर्दीत ऐकू येत नाही. म्हणून वार आणि तारीख बोला. मेथोट्रेक्सेट या गोळीच्या बाबतीत तर हे जीवावरचं आहे. सांध्यांच्या दुखण्यासाठी ती आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली तर रक्तपेशी कमी होतात आणि मृत्यूही ओढवतो. ‘हफ्ते में एक बार’ एवढ्यावर न थांबता ‘सिर्फ़ सोमवार को’ असं सांगा, पाकिटावर ‘सोमवार’ लिहा आणि रुग्णाकडून परत वदवून घ्या.

दुसरा घोटाळा ‘एक चम्मच’. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असतं, २५० चंही असतं, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १०० असतात. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्याचे ६ मिली, दुसऱ्याचे ३, थेंबांचे दीड. घरातला चमचा विसरा. मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज आईच्या हातात द्या, तिला एकदा भरून दाखवायला सांगा.

प्रश्न : रात्री डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात. ती घ्यावी का?

तातडी असेल आणि तुमच्या रुग्णालयाचा नियम परवानगी देत असेल तरच, तीही रजिस्टर्ड नर्सने, विद्यार्थिनीने नव्हे. ऐकता ऐकता लिहायचं, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं. फोनवर ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडा फोडून विचारा : ‘सहा-शून्य, साठ मिलिग्रॅम, बरोबर?’ दशांश असेल तर टिंबाआधीचं शून्य बोला आणि लिहा : ०.५. नुसतं ‘.५’ लिहिलं तर टिंब पुसट होऊन ५ वाचलं जातं. सकाळी राउंडला डॉक्टर आले की आधी त्या ऑर्डरवर त्यांची सही घ्या.